धागा : आचार्य अत्रे आधी कोण? शिक्षक, लेखक की चित्रपटवाले?

खडू_आणि_फळा (धागालेखक)

नमस्कार मंडळी. मी नाशिकमधल्या एका शाळेत सव्वीस वर्षं मराठी शिकवतो. गेल्या शनिवारी सातवीच्या मुलांना अत्र्यांचा ‘श्यामची आई’ हा चित्रपट दाखवला. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढतोय. थोडा लांबेल.

आधी शनिवारबद्दल. शाळेच्या सभागृहाला पडदे नाहीत, म्हणून खिडक्यांच्या काचांना आदल्या दिवशी वर्तमानपत्रं चिकटवली. मुलांनी चपला-बूट बाहेर काढले आणि सतरंजीवर बसली. पहिली पंधरा मिनिटं नुसती चुळबुळ. काळंपांढरं चित्र, आवाजात खरखर, बोलणंही संथ. मागून दोनदा विचारून झालं, "सर, किती वेळ आहे अजून?" मग ते अंघोळीचं दृश्य आलं. श्यामला अंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागू द्यायची नाही, म्हणून तो आईला पदर पसरायला सांगतो. आई पसरते. आणि सांगते की पायांना जपतोस तसं मनालाही घाण लागू देऊ नकोस.

दुसऱ्या रांगेतल्या एका मुलाने हळूच स्वतःचे तळवे वर करून पाहिले. मग शेजारच्याने पाहिले. बघता बघता अर्धी रांग आपापले तळपाय बघत होती. कोणी हसलं नाही. त्यानंतर शेवटपर्यंत कोणी वेळ विचारली नाही.

घरी येताना सारखं वाटत होतं की हे काम दिग्दर्शकाचं नाही, वर्गात उभं राहिलेल्या माणसाचं आहे. आईची शिकवण मोठी आहेच, पण ती पोरांच्या मनात उतरायची तर आधी त्यांना पाय दिसायला हवेत. आधी वस्तू, मग विचार. हे ज्याने पाचवी-सहावीच्या वर्गात फळ्यापुढे घाम गाळलाय त्यालाच कळतं.

आता अत्र्यांचं आयुष्य बघा. जन्म 13 ऑगस्ट 1898, सासवडजवळच्या कोडीत खुर्दचा. पुण्याच्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक, मग मुख्याध्यापक. नोकरी चालू, नाव झालेलं, आणि तरी हा माणूस शिकवायचं कसं हे शिकायला लंडनला जातो. 1928 मध्ये तिथल्या विद्यापीठाची टी.डी. ही अध्यापनाची पदविका घेऊन परत येतो. शिक्षकांसाठी ‘अध्यापन’ नावाचं मासिक चालवतो. वि. द. घाट्यांबरोबर ‘नवयुग वाचनमाला’ तयार करतो. त्यातला ‘दिनूचे बिल’ हा धडा आठवत असेल. मुलगा आईला आपल्या कामांचं बिल देतो, आई ते पैसे देते आणि सोबत स्वतःचंही बिल ठेवते, त्यात रकमेच्या जागी काहीच नसतं.

माझा मुद्दा इथे आहे. ‘दिनूचे बिल’ लिहिणारा आणि 1953 मध्ये ‘श्यामची आई’ काढणारा माणूस एकच आहे, आणि दोन्ही ठिकाणी तो एकच धडा शिकवतोय. आईचं देणं मोजता येत नाही, हे लहान मुलाला उपदेश न करता कसं सांगायचं? वाचनमालेत बिलाचा कागद वापरला, चित्रपटात ओले पाय.

आपण म्हणतो, अत्रे आधी शिक्षक होते, मग नाटककार झाले, मग सिनेमात गेले, मग संपादक, मग आमदार. जणू एकेक खोली सोडून ते पुढच्या खोलीत गेले. मला हे पटत नाही. ‘झेंडूची फुले’ (1925) हा विडंबन कवितांचा संग्रह घ्या. विडंबन लिहायचं तर मूळ कविता आतून उकलून बघावी लागते. कवी कुठे यमकासाठी अडला, कुठे उगाच हळवा झाला, कुठे एकाची लकब दुसऱ्याने उचलली. मी नववीला त्यातली दोन विडंबनं मूळ कवितांसकट शिकवतो आणि मुलांना त्या दिवशी वृत्त कळतं. एरवी महिनाभर शिकवून कळत नाही.

म्हणून प्रश्न : तुमच्या लेखी अत्रे मुळात कोण? नाटक, चित्रपट, त्यांचं दैनिक ‘मराठा’, संयुक्त महाराष्ट्र, जे तुम्ही जवळून पाहिलं-वाचलं असेल ते लिहा. नुसतं "थोर होते" नको.

गोदाकाठ

सर, मनापासून लिहिलंय. तळपायांचं वाचून गलबलून आलं.

नाशिककर म्हणून एक भर घालतो. तुम्ही ज्या गावात तो चित्रपट दाखवलात, त्याच गावात ते पुस्तक लिहिलं गेलंय. साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. 9 फेब्रुवारी 1933, गुरुवारी लिहायला घेतलं आणि 13 फेब्रुवारीला, सोमवारी पहाटे संपवलं. जेमतेम चार दिवस. मी नाशिकरोडला राहतो. जेलरोडवरून रोज कामाला जातो आणि दर फेब्रुवारीत हे आठवतंच.

गुरुजीही शिक्षक होते हे विसरू नका. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात शिकवायचे, वसतिगृह सांभाळायचे. पुस्तकाची मांडणीच बघा ना, रात्र पहिली, रात्र दुसरी. दिवसभराची कामं उरकल्यावर मुलं भोवती बसली आहेत आणि एक जण सांगतोय. वसतिगृहात मुलांबरोबर राहिलेल्या माणसालाच ही मांडणी सुचेल. म्हणजे एका शिक्षकाने लिहिलेलं दुसऱ्या शिक्षकाने पडद्यावर आणलं. 11 जून 1950 ला गुरुजी गेले. चित्रपट आला तो त्यानंतर तीन वर्षांनी. त्यांनी तो पाहायला हवा होता.

रंगपट

धागा उत्तम. पण मी असहमत आहे, आणि का ते सविस्तर लिहितो.

मी हौशी नाटकवाला. सायखेडकर नाट्यगृहाच्या विंगेत आयुष्याची चांगली वर्षं गेली. माझ्या लेखी अत्रे आधी नाटककार, बाकी सगळं नंतर. ‘साष्टांग नमस्कार’ 1933, ‘घराबाहेर’ 1934, ‘भ्रमाचा भोपळा’ 1935, ‘उद्याचा संसार’ आणि ‘लग्नाची बेडी’ 1936. लागोपाठची वर्षं आहेत ही. बोलपट आल्यावर मराठी रंगभूमीची काय कळा झाली होती ते ठाऊक असेल तर या यादीची किंमत कळेल. नाट्यगृहं सिनेमाची थिएटरं होत होती, कंपन्या मोडत होत्या. अशा वेळी या माणसाने लोकांना हसवून परत नाटकाला आणलं. आणि नुसतं हसवलं नाही. ‘घराबाहेर’मधली बाई बघा, ‘उद्याचा संसार’चा शेवट बघा.

आणि ‘तो मी नव्हेच’! पहिला प्रयोग 8 ऑक्टोबर 1962, दिल्लीत. फिरता रंगमंच, कोर्टातला खटला, आणि नट प्रभाकर पणशीकरांच्या पाच भूमिका. आम्ही एकदा त्यातला एक प्रवेश स्पर्धेसाठी बसवला होता. फिरता रंगमंच कुठून आणणार? आम्ही नुसते दिवे मालवून जागा बदलायचो. तालमीत लक्षात आलं की लखोबा लोखंडेचं खरं यंत्र भाषेत आहे. तेच उत्तर, तोच नकार, पण प्रत्येक साक्षीदारापुढे आवाजाचं वजन निराळं. निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याची बोली नटाच्या तोंडात बसेपर्यंत आम्हाला तीन आठवडे लागले. लिहिणाऱ्याच्या कानाची ही कमाल आहे. यात शिक्षक कुठे आला?

खडू_आणि_फळा

@रंगपट, कानाबद्दल शंभर टक्के मान्य. आणि बोलपटाच्या लाटेत रंगभूमी धरून ठेवण्याचं तुम्ही लिहिलंत ते मी पुरेसं लक्षात घेतलं नव्हतं.

पण एकच विचारतो. ‘तो मी नव्हेच’मध्ये प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असतं की हा लबाड आहे. तरी तीन तास आपण बसतो. कारण साक्षीपुराव्यातून लबाडी पायरीपायरीने कशी उघडी पडते ते बघायचं असतं. मी याला मांडणी म्हणतो. तुम्ही नाटक म्हणा.

रंगपट

मी नाटकच म्हणणार, सर. पण तुमचा मुद्दा कळला.

दहीपुलावरून

+१ धाग्याला. ‘मोरूची मावशी’ कोणी काढलीच नाही अजून! आमच्या गल्लीच्या गणेशोत्सवात तीन वर्षं ओळीने केली होती. वाचतोय.

मंडई_ते_मेनरोड

मी पुण्यात वाढलो, पंधरा वर्षांपासून नाशिकला. ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, आणि ते देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून. हे सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे पुढच्याच वर्षीचा ‘महात्मा फुले’ झाकोळला गेला. त्यालाही राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालंय.

तो चित्रपट मी वडिलांबरोबर पाहिला. बाबूराव पेंढारकर जोतिराव झाले आहेत, सुलोचनाबाई सावित्रीबाई. आणि सुरुवातीलाच गाडगेबाबा दिसतात, खुद्द गाडगेबाबा, कीर्तन करताना. आपल्या नाशिकमध्ये त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, पूल आहे, पण ते कसे उभे राहायचे, लोकांना प्रश्न कसा टाकायचे हे बघायचं असेल तर ही काही मिनिटं मिळवून बघा. 1956 मध्ये बाबा गेले. दोन वर्षं आधी हे चित्रीकरण झालं म्हणून ते आपल्याला दिसतात.

अत्र्यांचं फुल्यांवरचं प्रेम काही चित्रपटापुरतं नव्हतं. पुणे नगरपालिकेत निवडून गेल्यावर रे मार्केटला महात्मा फुल्यांचं नाव द्यायला त्यांनीच लावलं. पुण्यात लहानपणी आईबरोबर भाजी आणायला जायचो ती फुले मंडई. त्या नावामागे हा माणूस आहे हे कळायला मला वयाची तिशी लागली. शाळेत कोणी सांगितलं नाही.

तेव्हा माझं मत धागालेखकांच्या बाजूला. मुलींसाठी पहिली शाळा काढणाऱ्या माणसावर चित्रपट काढावासा वाटला तो एका मुख्याध्यापकालाच. अत्र्यांनी स्वतःही पुण्यात मुलींची शाळा काढली, आगरकरांच्या नावाने.

निरंजन_वात

सगळे भारावून लिहीत आहेत, म्हणून थोडं वेगळं लिहिते. कोणाला दुखवायचं नाही.

माझे आजोबा शिक्षक होते. अत्र्यांची पुस्तकं घरात होती, पण ‘मराठा’ते घरात येऊ द्यायचे नाहीत. म्हणायचे, माणसाशी भांडा, पण त्याच्या दिसण्यावर, खाजगी आयुष्यावर जाऊ नका. मी मोठेपणी जुने अग्रलेख मिळवून वाचले आणि आजोबांचं म्हणणं काही ठिकाणी मला पटलं. भाषेची ताकद अफाट आहे, पण समोरच्याला इतकं सोलायची गरज होती का? वर्गात मुलांपुढे एखाद्या शिक्षकाने ही भाषा वापरली तर आपण चालवून घेऊ का?

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचं स्थान मला पूर्ण मान्य आहे. 15 नोव्हेंबर 1956 ला ‘मराठा’निघाला नसता तर चळवळीचा आवाज घराघरांत पोचला नसता. पण "अत्रे मुळात शिक्षक" हे वाक्य मला इथे अडतं.

खडू_आणि_फळा

@निरंजन_वात ताई, तुमची हरकत रास्त आहे. मी उत्तर द्यायला दोन दिवस घेतले.

तुमच्या आजोबांशी मी वाद घालणार नाही. वर्गात मी ती भाषा वापरणार नाही आणि कोणी वापरली तर अडवीन. मी नोकरीला लागलो तेव्हाच्या शाळेत (नाव घेत नाही) एक ज्येष्ठ शिक्षक चुकलेल्या मुलाची नक्कल करून वर्गाला हसवायचे. मुलं त्यांच्यावर फिदा होती. ज्याची नक्कल व्हायची तो मुलगा सोडून. त्यातला एक मुलगा दिवाळीनंतर शाळेतच आला नाही. मी नवा होतो, गप्प राहिलो. ते गप्प राहणं अजून टोचतं. म्हणून शब्दाने माणूस सोलणं मला अत्र्यांमध्येही आवडत नाही.

पण त्याच लेखणीची दुसरी बाजूही बघा. ज्या नेहरूंवर संयुक्त महाराष्ट्रासाठी त्यांनी इतकी वर्षं आग पाखडली, ते 1964 मध्ये गेल्यावर याच माणसाने ‘सूर्यास्त’ ही लेखमाला लिहिली. मी ती दहावीच्या मुलांना वाचून दाखवतो. विरोधकाचं मोठेपण मोकळ्या मनाने कसं मांडावं, याचा त्याहून चांगला नमुना मला सापडलेला नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या. तुम्ही पहिली मांडलीत हे बरं झालं, माझ्या लेखात ती यायला हवी होती.

निरंजन_वात

धन्यवाद सर. ‘सूर्यास्त’आजोबांच्या कपाटात होतं. आता काढून वाचते.

जुनी_रिळं

चित्रपटाच्या बाजूने लिहितो, कारण इथे चित्रपट जरा कमी पडतोय.

दिग्दर्शक म्हणून अत्रे फार मोठे होते असं मी म्हणणार नाही. कॅमेरा बराच वेळ एका जागी उभा असतो. माणसं नाटकातल्यासारखी समोर तोंड करून बोलतात. त्याच काळात इतरांनी कॅमेऱ्याकडून जे करून घेतलं ते यांनी घेतलेलं नाही. त्यांची सिनेमातली खरी कमाई कागदावरची. मास्टर विनायकांसाठी लिहिलेले ‘धर्मवीर’, ‘ब्रह्मचारी’ (1938), ‘ब्रँडीची बाटली’ (1939) काढून बघा. ढोंगी समाजसेवक, ब्रह्मचर्याची शपथ घेतलेला तरुण, दारूबंदीच्या काळात बाटली शोधत फिरणारा कारकून. संवाद इतके चपळ आहेत की आजही पोट धरून हसायला येतं. ‘ब्रह्मचारी’मध्ये मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात आल्या आणि केवढा गहजब झाला!

पण ‘श्यामची आई’त एक गोष्ट जमली ती निवडीची, आणि ती खरोखर शिक्षकाची. आईच्या भूमिकेत वनमालाबाई. त्याआधी 1941 च्या ‘सिकंदर’मध्ये त्या रुखसाना होत्या, भरजरी वेशातल्या. तोच चेहरा इथे जुनेर नेसून चुलीपुढे बसवला. आणि तुम्हाला माहीत आहे का, सिनेमात येण्याआधी वनमालाबाई पुण्यात शिक्षिका होत्या, अत्र्यांनी काढलेल्या त्याच आगरकरांच्या नावाच्या शाळेत!

@गोदाकाठ यांनी दोन शिक्षक मोजले, तिसऱ्या या. आणि श्याम झालेले माधव वझे पुढे इंग्रजीचे प्राध्यापक झाले. लिहिणारा, काढणारा, आई आणि मुलगा, चौघंही कधी ना कधी वर्गात उभे राहिलेले.

गोदाकाठ

काय सांगता! वनमालाबाईंचं मला अजिबात माहीत नव्हतं. आता ते छडीचं दृश्य परत बघावं लागेल. पोहायला न जाता माळ्यावर लपलेल्या श्यामला ती फोडून काढते आणि मग स्वतःच रडते. शाळेत हात उगारणं आणि मग रात्रभर झोप न लागणं त्यांनी अनुभवलं असेल का, असं मनात आलं.

आडगावकर

माहितीत थोडी भर. अत्रे 1942 च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते आणि ते संमेलन नाशिकला भरलं होतं. आमच्या आडगावला 2021 मध्ये नारळीकरांच्या अध्यक्षतेखाली झालं तेव्हा मी मंडपात स्वयंसेवक होतो. जुन्या अध्यक्षांच्या यादीत अत्र्यांचं नाव नाशिकपुढे वाचून छाती फुगली होती.

त्याच 1942 मध्ये शिरवाडकरांचा, म्हणजे कुसुमाग्रजांचा, ‘विशाखा’ हा कवितासंग्रह आला. शिरवाडकरही त्याआधी नाशिकच्या गोदावरी सिनेटोन या चित्रपट कंपनीत काम करून आले होते, ‘सती सुलोचना’ची पटकथा लिहून त्यात लक्ष्मणही झाले होते. आणि दादासाहेब फाळके तेव्हा हयात होते, इथेच नाशकात. 16 फेब्रुवारी 1944 ला ते गेले. ज्या गावाने सिनेमा रांगताना पाहिला, त्या गावात पटकथा लिहिणारा, चित्रपट काढणारा माणूस साहित्य संमेलनाचा अध्यक्ष म्हणून आला. सिनेमाचं लिहिणं हलकं, हा समज तेव्हा पक्का होता. त्या दृष्टीने ही निवड मला मोठी वाटते.

ट्रंकेतली_पुस्तकं

पहिल्यांदाच लिहितेय इथे. रोज वाचते, पण लिहायचा धीर होत नव्हता.

माझी आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. गंगापूर रोडला माझ्याकडेच असते. हल्ली दिवस-वार विसरते, कधी मलाही माझ्या मावशीच्या नावाने हाक मारते. तुमचा धागा मी तिला वाचून दाखवत होते. ‘दिनूचे बिल’असं नुसतं म्हटलं आणि ती म्हणाली, "थांब, मी सांगते." आणि धडा सुरुवातीपासून सांगायला लागली. बिलातल्या रकमा मागेपुढे झाल्या, पण क्रम एकदाही चुकला नाही. शेवटी आईच्या बिलापाशी आली आणि थांबली. मग म्हणाली, "आमच्या बाई इथे पुस्तक मिटायच्या. पुढचं आम्ही घरी जाऊन वाचायचं."

नंतर तिने केशवकुमारांची ‘आजीचे घड्याळ’ म्हटली. ती तर पूर्ण. न दिसणारं, किल्ली न लागणारं घड्याळ, कोंबड्याच्या आरवण्यावर आणि उन्हाच्या सावलीवर चालणारं. ती म्हणत असताना मी स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघत होते, दुपारचे चार वाजून गेले होते, तिची गोळी राहिली होती. पण मध्ये अडवावंसं वाटलं नाही.

केशवकुमार म्हणजेच अत्रे, हे तिला ठाऊकच नव्हतं. मी सांगितल्यावर म्हणाली, "ते ‘मराठा’वाले?" आणि बराच वेळ काही बोलली नाही.

अत्रे आधी कोण, हे मला तुमच्यासारखं मांडता येणार नाही. आईला आज माझं नाव आठवत नव्हतं आणि तो धडा आठवत होता, एवढंच लिहायला आले.

तिच्या ट्रंकेत वाचनमालेतलं एक पुस्तक आहे. कव्हर गेलंय, पहिली पानं नाहीत, कडा हात लावला की तुटतात. पण ‘दिनूचे बिल’ शाबूत आहे. खडू_आणि_फळा सर, मुलांना दाखवायला हवं असेल तर घेऊन जा. आई द्यायला तयार आहे, मी विचारलंय. फक्त परत आणून द्या, कारण तिने ते दोनदा विचारलं.

रंगपट

ताई, यावर काही लिहिता येत नाही. आईंना साष्टांग नमस्कार.

खडू_आणि_फळा

ताई, शुक्रवारी शाळा सुटल्यावर साडेपाचपर्यंत येतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा. पुस्तक गुंडाळायला धुतलेलं पांढरं धोतर आणि दोन पुठ्ठे घेऊन येतो. पानं उलटायचं काम मी करणार नाही, आईंनाच उलटू द्या.

एक विनंती आहे. आईंना बरं वाटत असेल तर त्यांच्या तोंडून धडा फोनवर ध्वनिमुद्रित करून घेऊ का? शनिवारी वर्गात आधी तो ऐकवीन. त्यांच्या बाई जिथे पुस्तक मिटायच्या, तिथेच मीही थांबवीन. पुढचं मुलं घरी जाऊन वाचतील.

ट्रंकेतली_पुस्तकं

आईला विचारलं. म्हणाली, चालेल. कोणती साडी नेसू, असं विचारतेय. फोनवर फक्त आवाजच घेणार आहेत, हे सांगितलं, तरी तिने निळी काढून ठेवली आहे.